तीनशे एक

लिएपायात ऑक्टोबर संपत आला तेव्हा
नगरपालिकेच्या तळघरात विझ्मा खाली आली:
गिर्त्स, सरपणाचा एकही अर्ज आलेला नाही.
लोक फोन करतात, म्हणतात भरला, बटण दाबलं,
आणि फॉर्म पुन्हा समोर, कोराकरकरीत.

माझ्या मशीनवर सगळं ठीक चालतंय, मी म्हणालो.
हे वाक्य माझ्या थडग्यावर कोरलं
तरी कुणाला नवल वाटणार नाही.

तीन दिवस भलत्याच जागी शोधलं.
फॉर्म खाना-खाना तपासला,
डेटाबेसवर संशय घेतला,
मग आउस्त्राबाईंच्या जुनाट ब्राउझरवर,
मग, लाज वाटते सांगायला, आउस्त्राबाईंवर.
वय एक्क्याऐंशी, राहणार करोस्ता,
चौथा मजला, लोखंडी शेगडी.
"सात वेळा लिहिलं मी," त्या फोनवर म्हणाल्या,
"आता तुम्हीच सांगा, कुणाला लिहिलं?"

रात्री लॉग उघडला.
एक ओळ: पोस्ट. तीनशे एक.
तिच्याखाली, त्याच सेकंदाला: गेट. दोनशे.
दोनशे म्हणजे सर्व क्षेम.
म्हणून तर कुठलीच घंटा वाजली नव्हती.

जूनमध्ये आम्ही साइटला कुलूपवाला नवा पत्ता दिला,
जुन्या दारावर पाटी ठोकली:
कायमचे स्थलांतर, पुढे जावे.
फॉर्मच्या पोटात मात्र जुनाच पत्ता राहिला.
ब्राउझर भरल्या हातांनी जुन्या दाराशी जायचा,
पाटी वाचायचा, ओझं तिथेच उतरवायचा
आणि नव्या दारात हात हलवत उभा.
काय हवं? फॉर्म हवा.
हा घ्या, कोरा.
कुणीच खोटं बोललं नव्हतं.
नियमच तसा पडला आहे, फार जुन्या काळापासून,
बहुतेक सवयीने.

लिहिलेलं काही लॉगमध्ये राहत नाही.
राहते वेळ, पत्ता, आणि वजन.
तिच्या सात ओळी मी एकाखाली एक मांडल्या:
नऊशे बारा बाइट.
आठशे ऐंशी.
पुन्हा आठशे ऐंशी (तेच परत टंकलं असणार, एका बोटाने).
पाचशे चाळीस.
तीनशे सहा.
एकशे नव्वद.
एकशे एकतीस.

शेवटच्यातून नाव, पत्ता, पेन्शनचा आकडा वजा केला.
उरले एकोणीस.
डोक्यावर आडवी रेघ असलेलं आमचं अक्षर
दोन बाइट खातं.
म्हणजे दोन शब्द. फार तर तीन.
मी बराच वेळ त्या एकोणीसकडे पाहत बसलो,
कॉफीवर साय आली.

दुरुस्ती एका आकड्याची.
एकच्या जागी आठ: तीनशे आठ.
निरोप तोच, आम्ही गेलो आहोत कायमचे,
फक्त यात म्हटलेलं असतं,
हातात आहे ते घेऊन ये.
फॉर्मच्या पोटातला पत्ताही बदलला.
स्वतःच्या नावाने एक अर्ज धाडला, बर्च, दोन घनमीटर,
आणि तो पोचला.
विझ्मा म्हणाली, तुला नाही मिळणार, तू पेन्शनर नाहीस.

गेलेले मात्र गेलेच.
शनिवारी छापील फॉर्म घेऊन सायकलने निघालो.
कालव्यावरचा पूल बोटीसाठी फिरवून ठेवलेला,
वीस मिनिटं वाऱ्यात उभा राहिलो,
समोर रस्ता दिसत होता, जाता येत नव्हतं.

आउस्त्राबाईंनी चष्मा शोधला, मग नको म्हणाल्या, तूच लिही.
बर्च. पाइन नको, धुराडं काळं करतो.
नाव, मजला, सही.
मी विचारलं, पहिल्या वेळी पुष्कळ लिहिलं होतंत ना?
हो, त्या म्हणाल्या. ह्यांच्याबद्दल. ही शेगडी कशी आणली त्याबद्दल.
मग शेगडीचं दार उघडून आत पाहिलं.
ते काही आता परत लिहायचं नाही.

निवेदनाचा खाना मोठा होता, आठ ओळींचा.
तो आम्ही तसाच ठेवला.